बागेच्या वरचा झरा

तगियान वस्ती,
११ मे १९८३

पिसुय,

इकडे सगळं ठीक आहे असं लिहून पत्र सुरू करायचं असतं. मी ते लिहीत नाही, कारण ठीक नाही.

ओढ्याला वास येतोय. पावसाआधी सडक्या पानांचा येतो तो नव्हे, तो आपल्याला लहानपणापासून ओळखीचा आहे. हा कोंबडीखताचा वास आहे, आणि त्यात फवारणीच्या औषधाचा तिखटपणा. तू लग्न होऊन खाली दाशीला गेलीस, त्यानंतर ओढ्याच्या वरच्या अंगाला चुआंगशेठची पीचची बाग लागली. यंदा त्यानं खताचा ढीग अगदी काठावर घातलाय. फवारणीची पिंपं त्याचे गडी ओढ्यातच विसळतात.

मी आणि याकी पितय, आपल्या वस्तीची थोरली आजी, वर जाऊन सांगून आलो. शेठ म्हणाला, "आजी, वाहतं पाणी आपोआप साफ होतं."

याकी म्हणाली, "मग दोन वळणं खाली येऊन राहा, आणि तेच पी."

तो हसला आणि आत गेला. याकीचं वय बघून तरी उत्तर द्यायचं होतं मेल्यानं.

वस्तीत घरटी एक पोर आजारी आहे. आमच्या यूमिनला कालपासून जुलाबात रक्त पडतंय. आरोग्यकेंद्रातली बाई दरड कोसळल्यापासून वर फिरकलेली नाही. कचेरीत विचारलं तर नळयोजना पुढच्या वर्षी. गेल्या वर्षीही पुढच्याच वर्षी होती. त्याचा बाप, हायुंग, मासेमारीच्या जहाजावर आहे, ऑगस्टपर्यंत यायचा नाही.

तुझ्या घराशेजारी दवाखाना आहे म्हणालीस. पोरांच्या जुलाबावरच्या गोळ्या पाठव. बसवाल्याच्या हाती दिल्यास तर लवकर पोचतील. उशीर करू नकोस.

रिमुय

*

दाशी,
२७ मे १९८३

रिमुय, माझे बाई,

आधीच रागावू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही दक्षिणेला होतो. आमच्या म्हाताऱ्याच्या, म्हणजे नवरोबाच्या, पलटणीतल्या दोस्ताच्या मुलीचं लग्न होतं. हे सगळे पेन्शनीत निघालेले शिपाई एकत्र जमले की घरी परतायचं नाव काढत नाहीत. काल आलो, आज पत्र वाचलं, लगेच दवाखान्यात गेले. गोळ्या आणि मीठसाखरेच्या पुड्या सोबत आहेत. पाणी उकळून, गार करून, त्यात घालून थोडं थोडं पाजायचं. यूमिन मोठा गुणी आहे, कडू तोंड करील पण पिईल.

आणि तुम्ही पाणी उकळत का नाही गं? तुला आठवतं, शाळेतल्या बाई किती ओरडायच्या? इथे मी नळ सोडते तेव्हा म्हाताऱ्याला म्हणते, हे आमच्या डोंगरातलं पाणी आहे, धरणातून येतं, नीट आदरानं पी. तो म्हणतो, तुझ्या डोंगराच्या पाण्यानं नळाला गंज चढतो.

तो सध्या खुशीत आहे. पेन्शन घेताना मिळालेली सगळी रक्कम त्यानं कुठल्याशा बागेत घातलीय, भागीदारीत. यंदा माल निघाला की माझ्या हातात सोन्याची बांगडी घालीन म्हणतो. त्याच्या तोंडून निघालेली ही पहिली बांगडी. मी काही हात पुढे करून बसलेली नाही. पण पीच आले तर तुला पेटी पाठवीन.

यूमिनला माझा मुका.

तुझी पिसुय

*

तगियान,
५ जून १९८३

पिसुय,

तुझ्या गोळ्या आल्या. यूमिनला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या.

तुझं पत्र याकीनं वाचायला मागितलं, मी दिलं नाही. उकळत का नाही म्हणून विचारलंस ना? उकळत होते. चुलीवर दिवसभर आधण होतं. ओल्या लाकडांच्या धुरानं माझे डोळे सुजले होते. फवारणीचं औषध उकळल्यानं जात नाही, पिसुय. शाळेतल्या बाईंनी तेवढं शिकवलं नव्हतं.

मी त्याला पाठीशी बांधून दरड ओलांडली. बसथांब्यापर्यंत पोचले. पुढचं लिहीत नाही.

हायुंगला कळवलेलं नाही. जहाज कुठल्या समुद्रात आहे ते कंपनीलाही सांगता येत नाही. तो अजून यूमिनसाठी शंख गोळा करत असेल.

काल सगळी वस्ती चर्चमध्ये जमली. गायला नव्हे. याकी पितय उभी राहिली. ती म्हणाली, कचेरीची वाट बघत माझा नवरा गेला, आता रिमुयचा पोरगा गेला, मी काही आणखी कुणाची पाळी येईपर्यंत बसणार नाही. बागेच्याही वर, जंगलात, कड्याखालून झरा निघतो. शिकारीला जाताना आपल्या बापांनी त्याचंच पाणी प्यायलं. तिथून नळी टाकून वस्तीच्या माथ्यावर टाकी बांधायची ठरलंय. तरणे पुरुष सगळे बांधकामांवर नाही तर समुद्रावर. तेव्हा बायका आणि म्हातारे. ज्यांची मुलं शहरात आहेत ते काळ्या नळीची वेटोळी मागवतायत. मी सिमेंट वाहणार आहे. घरात बसले तर मी कुणाचा तरी जीव घेईन.

एक विचारते. तुझ्या नवऱ्यानं पैसे घातलेत ती बाग कुठली?

रिमुय

*

दाशी,
२ जुलै १९८३

रिमुय,

काय लिहू, सुचत नाही. चार वेळा लिहायला बसले आणि फाडलं. तो मागच्या वर्षी माझ्या मांडीवर बसून किती बडबडत होता. मला मूल नाही, पण मी रडत नाही असं समजू नकोस.

बसवाल्याकडे तांदळाचं पोतं आणि तुझ्यासाठी गरम जाकीट पाठवलंय. उन्हात सिमेंट वाहू नकोस, सकाळी वाहा. डोक्यावर ओलं फडकं घे.

बागेचं म्हणशील तर मला काही माहीत नाही. पुरुषांचे व्यवहार. तो मला सांगत नाही आणि मी विचारत नाही.

इथे फार उकाडा आहे. याकीला नमस्कार सांग.

पिसुय

*

तगियान,
२१ जुलै १९८३

पिसुय,

तुझं पोतं बसवाल्याबरोबर परत पाठवलंय, न सोडता. जाकीटही त्यालाच बांधलंय.

आधी आमचं सांगते. झऱ्यापाशी दगडांचा हौद झाला. बायकांनी वाळू नदीतून पाठीवरच्या टोपल्यांत वर नेली. युतास बातू, माझा सासरा, त्याला धड चालवत नाही, तो हौदाच्या भिंतीवर बसून दगड घडवायचा आणि आम्हाला शिव्या द्यायचा. जंगलातली नळी टाकून झाली. पुढे ओढ्याच्या पलीकडचा उतार दरडीचा, वादळ आलं की सगळाच खाली येतो. त्यामुळे नळी बागेच्या वरच्या बांधावरूनच आणावी लागते. तेवढाच एक पट्टा. झाडाला धक्का नाही, फांदीला नाही.

शेठ म्हणाला, "माझ्या बागेतून काही जायचं नाही. उद्या म्हणाल रस्ता द्या."

आम्ही टाकली. सकाळी बघतो तर विळ्यानं कापलेली. परत जोडली, परत कापली. पोलीसचौकीत गेलो तर जमादार म्हणाला, दुसऱ्याच्या बागेत घुसलात म्हणून तुमच्यावरच तक्रार आलीय. चोराच्या उलट्या बोंबा.

आणि काल पीचच्या पेट्या भरताना ट्रकपाशी कोण उभं होतं? तुझा नवरा, फान. बनियनवर, हातात लसणाची पाकळी, पेट्या मोजत. चुआंग त्याला 'भागीदार' म्हणून हाक मारत होता. मी समोर उभी होते, डोक्यावर नळीचं वेटोळं घेऊन. त्यानं मला ओळखलं. मान फिरवली.

तुला माहीत होतं. माझ्या प्रश्नानंतर तुला उत्तर द्यायला महिना का लागला ते मला आत्ता कळलं. त्या महिन्यात तू शोधून काढलंस, तुला कळलं, आणि मग तू मला उकाडा लिहिलास.

माझ्या पोराच्या पोटात तुझी बांगडी गेलीय. मूल नाही म्हणतेस ना, तेच खरं. तुला हे कळायचं नाही.

रिमुय

*

दाशी,
२८ जुलै १९८३

रिमुय,

हो, माहीत होतं. बाग कुठली असं विचारणारं तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी म्हाताऱ्याचे कागद उलगडून घेतले. तगियानचा उतार, लिहिलेलंच होतं. तुला लिहायची हिंमत झाली नाही. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

पण आता माझंही ऐक. तू बोललीस, मीही बोलते.

तो उतार चुआंगला कुणी दिला? त्यानं चोरला नाही. तुझ्या सासऱ्यानं, युतास बातूनं, आणि बाकीच्या मोठ्या माणसांनी दिला. चर्चच्या छपराचे पत्रे घेतले त्याच्या बदल्यात. आपली जमीन बाहेरच्याला द्यायची नाही हा सरकारचाही नियम आणि पूर्वजांचाही. दोन्ही त्या पत्र्यांखाली झाकले. ज्या छपराखाली जमून तुम्ही झऱ्यावरून नळी आणायचं ठरवलंत, ते छप्पर त्याच उताराचं आहे. तुझा सासरा आता दगड घडवतोय. घडवू दे.

आणि मला कुणी दिलं? एकोणीस वर्षांची होते मी. तो माझ्या बापाच्या वयाचा. आमच्या घरी शिलाई मशीन आलं आणि वस्तीत डुक्कर कापलं गेलं. प्रत्येक घरात वाटा गेला, तुमच्याही. तू माझे केस विंचरलेस आणि म्हणालीस, नशीबवान आहेस, नळाचं पाणी मिळेल. मी बसमधून मागे वळून बघत होते तेव्हा तुम्ही हात हलवत होता. मी चौदा वर्षं त्याचे पाव वाफवतेय. एकदाही तुम्हाला विचारलं नाही की माझ्या मांसाचा वाटा कसा लागला.

मूल होत नाही म्हणून मी किती दवाखाने हिंडले ते तुला मीच लिहिलं होतं. तेच उचलून माझ्या तोंडावर मारलंस. मार. तुला आज सगळं माफ आहे, पण मी विसरणार नाही.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. मी इथे नसेन.

पिसुय

*

तगियान,
८ ऑगस्ट १९८३
(वर बागेतल्या खोपटात, पाद्रीबाबांच्या हाती)

पिसुय,

तू आल्याला आठवडा झाला. वस्तीवरून न थांबता सरळ वर गेलीस. सगळ्यांनी पाहिलं. शेठच्या खोपटात चूल पेटलेली दिसते. आता राखणीला मालकीणबाईच बसल्या, असं बायका म्हणतात. मी त्यांना गप्प करत नाही.

हायुंग चार दिवसांपूर्वी आला. मी त्याला सांगितलं. त्यानं तोंड धुतलं आणि जंगलात निघून गेला शिकारीला. तिसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं आला. नुसता झोपून आहे.

आम्ही उद्या पुन्हा नळी टाकणार आहोत. तू आडवी पडलीस तरी टाकणार. हे तुला आधी सांगावं एवढ्यासाठी लिहिलं.

रिमुय

*

वरची बाग,
८ ऑगस्ट, संध्याकाळ

रिमुय,

पाद्रीबाबा बाहेर बसून लिंबाचं सरबत पितायत आणि मी लिहितेय. त्यांना म्हटलं, थांबा, हे आजच गेलं पाहिजे.

राखणीलाच बसलेय. पण कशाच्या ते वाच.

घरातून निघताना मी म्हाताऱ्याला काही सांगितलं नाही. चुलीवर रिकामी कढई ठेवली आणि बस धरली. इथे येऊन चुआंगला म्हटलं, मी फानची बायको, भागीदाराची माणसं बागेत राहू शकतात ना? त्याला वाटलं नवऱ्यानं पाठवलं. खोपट उघडून दिलं. दोन दिवस मी खुरपत होते आणि बघत होते. नळी कोण कापतं तेही पाहिलं. त्याचाच मुकादम. नळी जिथे कापली त्या जागेवर मी अंथरूण टाकलं, तेव्हापासून कुणी आलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी म्हातारा आला. एवढा डोंगर चढून, घामानं निथळत. पहिलं वाक्य काय बोलला असेल? "लोणच्याची बरणी कुठे ठेवलीस?"

मी म्हटलं, "ओढ्यात. जा, काढ आणि खा."

मग मी त्याला हाताला धरून खताच्या ढिगापाशी नेलं. पिंपं विसळतात तिथे नेलं. तिथून खाली वस्तीची छपरं दिसतात. मी म्हटलं, त्या तिसऱ्या घरातलं पोर याच पाण्यानं गेलं, मागच्या वर्षी ज्याला तू खांद्यावर बसवून फिरवलं होतंस ते. पोर गेलं हे त्याला ठाऊक होतं, कशानं गेलं ते नव्हतं, रिमुय. चुआंगनं त्याला सांगितलं होतं की वस्तीत गोवर आलाय. तू ट्रकपाशी दिसलीस तेव्हा त्यानं मान फिरवली, कारण सांत्वन कसं करतात ते त्याला येत नाही. मी त्याची बाजू घेत नाहीये. आपला पैसा कुठे जातो ते डोळ्यांनी बघायला हवं होतं त्यानं. तेही मी त्याला ऐकवलं, आणि असं ऐकवलं की मुकादमही काम सोडून बघत राहिला.

मी म्हटलं, आज बाग वाटून घे. वरचा अर्धा भाग आपला. नाही तर मी दाशीला परत येत नाही.

चुआंग हसायला लागला. म्हणाला, भागीदारसाहेब, बाईच्या नादी लागून बुडाल. वरची झाडं तर अजून कोवळी आहेत, माल सगळा खालच्या भागात. म्हाताऱ्यानं बनियननं घाम पुसला. मग म्हणाला, "कोवळीच दे." लढाईत त्यानं काय केलं मला माहीत नाही, पण एवढं एक वाक्य त्यानं माझ्यासमोर सरळ उभं राहून म्हटलं. पाद्रीबाबांसमोर सह्या झाल्या. त्यांनीच तुला हे आधी सांगायला हवं होतं, पण मी त्यांना शपथ घातली होती. तुम्ही काय काय बोलता ते मला ऐकायचं होतं. ऐकलं.

आता हायुंगचं. तो शिकारीला गेला नव्हता. इथे आला होता, शिकारीचा सुरा घेऊन, पहाटे. चुआंग खालच्या खोलीत होता. मी पायवाटेवरच बसलेली.

मी म्हटलं, "कुठे?"

"बाजूला हो, पिसुय."

"अर्धी बाग माझी आहे. सुरुवात माझ्यापासून कर. मग त्याच्याकडे जा, मग तुझ्या बापाकडे, त्यानं उतार दिला. मग कचेरीत. सगळं आटपून तुरुंगात जा. रिमुयला एकटीलाच सिमेंट वाहू दे."

तो उभा राहिला, उभा राहिला, आणि मग खाली बसला. माझ्यासमोर नाही, पाठ करून. दोन दिवस तो इथेच ओसरीवर होता. म्हाताऱ्यानं त्याच्यापुढे पाव ठेवले. त्यानं खाल्ले. हे तुला त्यानं सांगितलं नसेल, सांगणारही नाही. तूही विचारू नकोस.

उद्या नळी घेऊन या. वरचा बांध माझा आहे.

पिसुय

*

तगियान,
११ सप्टेंबर १९८३

पिसुय,

नळी टाकायला आलो तेव्हा तू टोकाशी उभी होतीस आणि मी तुझ्याशी बोलले नाही. इतक्या बायकांसमोर मला जमलं नाही. सांधे हायुंग जोडत होता आणि तुझा फान नळी धरून होता, त्यामुळे आपण दोघी बोललो नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नसेल. तुझ्या आलं असेल.

तू वादळाआधी म्हाताऱ्याला पोचवायला दाशीला गेलीस, त्यानंतरचं सांगते. वादळात नळी दोन ठिकाणी निसटली. तरणी पोरं शहरातून परत आली होती, दोरीनं कड्यावर लोंबकळत त्यांनी ती बांधली. टाकीला प्लास्टर झालं. रविवारी झऱ्यापाशी दट्ट्या काढला आणि आम्ही सगळे टाकीभोवती उभे. आधी नुसती हवा आली, म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखी. मग गढूळ. मग पानांचा चोथा. आणि मग स्वच्छ. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. याकी पितयनं चपला काढून पाय त्याखाली धरले आणि तिथेच बसून राहिली. युतास बातू लांब उभा होता. मी त्याला वाटीभर नेऊन दिलं. त्यानं प्यायलं नाही, यूमिनला पुरलंय तिथे नेऊन ओतलं. मी त्या दिवसापर्यंत त्याच्याशी अबोला धरला होता. तो उतार कुणी दिला ते सांगणारं तुझं पत्र आल्यापासूनचा.

बुधवारी कचेरीचा माणूस आला. सोबत छायाचित्रकार, आणि पत्र्याची निळी पाटी. पाटीवर नळयोजना, वर्ष आणि साहेबांचं नाव. म्हणाला, टाकीवर ठोकायची आहे.

याकीनं विचारलं, "साहेबांनी किती टोपल्या वाळू वाहिली?"

तो म्हणाला, "आजी, तशी पद्धत असते."

आम्ही पाटी घेतली, आभार मानले, त्याला उकडलेले बांबूचे कोंब खायला घातले. तो गेल्यावर हायुंगनं पाटी टाकीच्या तोंडावर झाकण म्हणून बसवली. अगदी मापात बसली. नावाची बाजू वर ठेवलीय. पाण्याला त्याचं तोंड दिसायला नको.

ओढा अजून तसाच घाण आहे. चुआंगनं ढीग हलवलेला नाही, आणि आता कुणी पीत नाही म्हटल्यावर तो हलवणारही नाही. ते पाणी खाली धरणाला मिळतं. आम्ही ओरडलो तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता दाशीकरांनी ओरडून बघावं. मी अर्ज लिहायला घेतलाय, त्यावर तुझी सही हवी. शहरातल्या बाईची सही ते वाचतात.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. राग गेलेला नाही. सकाळी टाकीचा आवाज ऐकला की आधी राग येतो. एवढंच करायचं होतं, एवढ्यानं झालं असतं, तर मग आधी का नाही, असं वाटतं आणि डोक्यात जाळ होतो. त्यात तूही आहेस, सासराही आहे, मीही आहे. मी उशीर करू नकोस लिहिलं आणि स्वतः मात्र तुझ्या गोळ्यांची वाट बघत बसले. आधीच का नाही निघाले? हा राग मला विझवायचा नाहीये. तो विझला की त्या शेठचं खत पुन्हा वर सरकेल. तो टाकून दे असं तू मला म्हणू नकोस, मीही तुला तुझा टाकायला सांगणार नाही. त्या डुकराच्या मांसाचा वाटा आमच्या घरी आला होता हे मी विसरले होते. आता विसरणार नाही.

पाद्रीबाबा म्हणाले, कोवळ्या झाडांची छाटणी करायला तू पुढच्या आठवड्यात खोपटात परत येणार आहेस. येशील तेव्हा वरून चिठ्ठ्या पाठवू नकोस. एका पायवाटेच्या अंतरावर राहणाऱ्या बाईला कुणी पत्र लिहीत नाही. खाली ये. दार उघडंच असतं. काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस. बादली घे आणि पाणी भर.

रिमुय